पाळणा थांबल्यावरचा डोल

फुगडी थांबते, पण भुई थांबत नाही. वारीच्या वाटेवर फुगडी खेळलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. हात सुटतात, पाय टेकतात, बाजूचे वारकरी हसत उभे असतात आणि आपल्याभोवती मात्र झाडे, पताका, माणसे सगळी गरगरत असतात. थोड्या वेळाने ती थांबतात. आपण घाम पुसतो, एकमेकांच्या पाया पडतो आणि पुढे चालू लागतो. थांबलेल्या माणसाला फिरवत होते ते काय, याचा विचार करायला दिंडीत सवड नसते. तो विचार आज करू.

निमित्त मुलांच्या सहलींचे आहे. आपल्या नांदेड-लातूरकडच्या शाळांच्या सहली पूर्वी औंढा, परळी, वेरूळ अशा ठिकाणी जात. आता त्यांत मुंबई-पुण्याकडच्या खेळांच्या उद्यानांची भर पडली आहे. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले, खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये. अशा ठिकाणी रोलर कोस्टर नावाची गाडी असते. रुळांवरून ती हळूहळू उंच चढते, माथ्यावर क्षणभर थबकते आणि मग अशी कोसळते की पोटात गोळा येतो. वळणे आणि गिरक्या घेत दोन-तीन मिनिटांत ती निघाल्या जागी परत येते. एवढ्या लांब जाणे ज्यांना जमत नाही, त्यांची हौस आपल्या जत्रा भागवतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षाच्या शेवटी खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोडे, उंट, गाढवे यांच्या बाजाराबरोबर आकाशपाळणेही उभे राहतात. लातूरला महाशिवरात्रीच्या सिद्धेश्वर यात्रेत लेकरांची झुंबड पाळण्यांपाशीच असते.

एका माळकरी घरातली गोष्ट ऐकण्यात आली. सहलीहून परतलेला नातू रात्री अंथरुणावर पडला आणि आजोबांना म्हणाला, "आबा, गाडीतून कव्हाचा उतरलो, पर अंगच थांबना गेलंय. डोळे मिटले की खाली पडल्यावानी होतंय." आबांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. "होतंय तसं बाळा," ते म्हणाले. "आम्ही पंढरीहून आलो की आमचे पाय रातभर चालतेत."

आबांचे बोलणे साधे आहे, पण त्याच्या पोटात मोठा प्रश्न आहे. कर्म संपले, कर्त्याने ते सोडले, आणि तरी देहात ते चालूच आहे. हे जे चालू आहे ते कोणाचे? माझे म्हणावे, तर मी थांबलो असताना ते का चालते? माझे नाही म्हणावे, तर ते माझ्याच अंगात का? आणि याला लागूनच दुसरा प्रश्न येतो, तो अधिक बोचणारा आहे. माणूस एखादी वाईट गोष्ट मनापासून सोडतो, तरी आतून तिची ओढ येतच राहते. त्या ओढीचा दोष त्याला लागतो का? माळ घालताना ज्याने तंबाखू सोडली, त्याला तिसऱ्या दिवशी चुन्याची डबी पाहून चलबिचल झाली, तर त्याची माळ खोटी ठरली का?

हा प्रश्न पोथीतला नाही, गावागावांतला आहे. माळ घातल्यावर महिनाभरात ती काढून खुंटीला अडकवणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांतले सगळेच काही पुन्हा व्यसनाला लागलेले नसतात. पुष्कळांना फक्त लाज वाटलेली असते. "गळ्यात माळ आणि मनात असलं, त्यापेक्षा माळच नको," असे म्हणून ते बाजूला होतात. म्हणून डोल म्हणजे काय आणि कर्म म्हणजे काय, हा निवाडा नीट झाला पाहिजे. त्यावर कोणाची तरी माळ अवलंबून आहे.

आधी देहाकडे पाहू. आपल्या कानाच्या आत, ऐकण्याच्या यंत्राला लागूनच, तोल सांभाळणारे एक यंत्र आहे. त्यात केसासारख्या बारीक, अर्धवर्तुळाकार अशा तीन नळ्या आहेत. एकमेकींशी काटकोनात बसवलेल्या असल्यामुळे डोके कुठल्याही दिशेला वळले तरी त्यांतल्या एकीला तरी ते कळतेच. नळ्यांत पाण्यासारखा द्रव असतो. डोके फिरू लागले की नळी लगेच फिरते, पण आतला द्रव क्षणभर मागे राहतो. त्याचा दाब नळीतल्या मऊ पडद्यावर पडतो, पडदा वाकतो आणि मेंदूला निरोप जातो की आपण फिरतो आहोत. याशिवाय दोन लहान पिशव्या आहेत. त्यांत चुनखडीचे अगदी सूक्ष्म कण असतात आणि वर-खाली, पुढे-मागे होणारी हालचाल ते सांगतात. या यंत्राच्या अभ्यासाबद्दल व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कान धुताना गार किंवा गरम पाणी घातले की रोग्याला चक्कर येते, हे पाहून ते त्या शोधाला लागले होते.

आता फुगडीचे गूढ उकलते. आपण थांबतो तेव्हा डोके थांबते, नळी थांबते, पण फिरायला लागलेला द्रव लगेच थांबत नाही. तो पुढे जातच राहतो आणि पडद्याला उलट बाजूला वाकवतो. मेंदूला निरोप जातो की आता आपण उलट्या दिशेने फिरतो आहोत. थांबलेल्या माणसाला भुई फिरताना दिसते ती यामुळे.

पण हा हिशेब फुगडीपुरता. तो द्रव फार तर मिनिटभरात शांत होतो. मग त्या मुलाला रात्री अंथरुणात काय हलवत होते? तिथे दुसरी गोष्ट आहे. दिवसभर हलत्या गाड्यांत बसल्यावर मेंदू त्या हालचालीशी जुळवून घेतो. "आता जग असेच हलणार आहे" असे धरून तो तोल सावरण्याची नवी सवय लावून घेतो. पाळणा थांबतो, माणूस घरी येतो, पण मेंदूने बसवलेली घडी लगेच मोडत नाही. हलणारे काही उरलेले नसते, उरलेली असते ती सावरण्याची सवय. बहुतेकांचा हा डोल एक-दोन दिवसांत आपोआप जातो. क्वचित तो आठवडे-महिने रेंगाळतो. तसे झाले तर डॉक्टरांना दाखवावे. जहाजावरून उतरलेल्या खलाशांना हे फार जुन्या काळापासून माहीत आहे. बंदरावर पाय ठेवला तरी धक्का लाटेवर असल्यासारखा वाटतो.

इथे एक विलक्षण गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे तिचा उपयोग आहे. ज्यांचा हा डोल लवकर जात नाही, त्यांना पुन्हा एखाद्या चालत्या वाहनात बसले की बरे वाटते. हलणाऱ्या गाडीत डोल जाणवेनासा होतो. उतरले की तो परत येतो.

आता माउलींकडे येऊ. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात, ज्याचा अहंकार गेला आहे अशा पुरुषाचे वर्णन चालू आहे. प्रश्न असा आहे की कर्तेपण गेल्यावरही त्याचा देह खातो, चालतो, बोलतो, हे कसे? त्याला उत्तर म्हणून माउली एकामागून एक दृष्टांत देतात. वारा पडला तरी काही वेळ हलत राहणारे झाड. कापूर संपला तरी वास धरून ठेवणारा करंडा. गाणे संपले तरी ऐकणाऱ्याच्या मनात रेंगाळणारी तल्लीनता. पाणी वाहून गेले तरी जमिनीत राहणारी ओल. सूर्य मावळल्यावरचा संधिप्रकाश. लक्ष्य भेदूनही अंगात जोर असेपर्यंत धावणारा बाण. मडके उतरवून घेतल्यावरही फिरत राहणारे कुंभाराचे चाक. सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी नेवाशाला बसून माउलींनी जे सांगितले, त्यात आबांच्या नातवाचा डोल जसाच्या तसा आहे. वारा गेला, डोल राहिला. चाकाचा दृष्टांत तर त्याही आधीपासून आपल्या शास्त्रांत आहे. सांख्यकारिकेतही तो येतो.

रोलर कोस्टर हे या चाकाचेच धाकटे भावंड आहे. पुष्कळांना वाटते की त्या गाडीला इंजिन असते. पण अशा बहुतेक गाड्यांना इंजिन नसते. साखळी त्या गाडीला पहिल्या उंच चढावर ओढून नेते आणि तिथे सोडून देते. पुढची सगळी धाव, सगळी वळणे, सगळ्या आरोळ्या त्या एका चढणीच्या जोरावर होतात. मधल्या वळणावर बसलेल्याने कितीही ठरवले तरी वळण टळत नाही. ते चढतानाच ठरलेले असते. प्रारब्ध समजावून सांगायला याहून सोपा दृष्टांत सापडणे कठीण. सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध, अजून हातात असलेला म्हणजे क्रियमाण आणि भात्यात साठलेले म्हणजे संचित.

इथे कोणी शंका घेईल. माउलींनी हे दृष्टांत ज्ञानी पुरुषासाठी दिले. ज्याचा देहाभिमान समूळ गेला, त्याच्या देहाची गोष्ट ती. आपण संसारी माणसे. आपल्याला ती लावणे म्हणजे स्वतःला ज्ञानी म्हणवून घेणे नव्हे का?

शंका रास्त आहे. ज्ञानी पुरुषाची पदवी आपल्याला घ्यायची नाही, आपण फक्त दृष्टांत उसना घेऊ. संपूर्ण अहंकार सोडणे आपल्या आवाक्यात नाही, पण एखादी गोष्ट सोडणे आहे. ज्याने तंबाखू खरोखर सोडली, त्याने तेवढ्यापुरते मडके चाकावरून उतरवले आहे. चाक अजून फिरते आहे. ते फिरणे पाहून "मडके अजून चाकावरच आहे" असे म्हणणे चुकीचे. तिसऱ्या दिवशीची चलबिचल म्हणजे वीस वर्षांच्या चिमटीचा डोल आहे. तो खोटेपणाचा पुरावा नाही. उलट पाळणा थांबल्याचाच तो पुरावा आहे, कारण पाळण्यात बसलेल्याला डोल वेगळा जाणवत नाही.

पण या सवलतीचा गैरफायदा घेणारेही असतात, आणि त्यांना ओळखण्याची खूण हवी. "काय करणार, जुना संस्कार आहे, प्रारब्ध आहे," असे म्हणत रोज तेच करणारा माणूस माउलींचाच दृष्टांत पुढे करतो. त्याला काय सांगायचे? कुंभाराच्या चाकाकडे पाहायला सांगावे. सोडलेले चाक फिरते खरे, पण प्रत्येक फेऱ्याला थोडे मंद होत जाते. वारा पडलेले झाड हलते, पण हेलकावा लहान होत जातो. उरलेल्या वेगाची ही खूण आहे की तो उतरता असतो. चाक कालच्याइतकेच आजही फिरत असेल, तर कोणीतरी दांडक्याने त्याला पुन्हा गती देतो आहे. मग प्रारब्धाचे नाव घेण्याआधी आपला हात कुठे आहे ते पाहावे.

तेव्हा डोलाचा दोष नाही. डोलाला नवा हात लावणे हा दोष. एवढे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे.

हा हात कसा लागतो, हे मघाच्या त्या विलक्षण गोष्टीवरून कळते. डोलाने बेजार झालेल्याला पुन्हा गाडीत बसले की बरे वाटते. तंबाखू सोडलेल्याला एक चिमूट घेतली की बरे वाटते. या बरे वाटण्यात फसगत आहे. डोल शांत झाला असे वाटते, पण तो झाकला गेलेला असतो. उतरल्यावर वाट पाहत उभा असतोच. "एवढी एकदाच, म्हणजे ओढ जाईल," असे ज्याने म्हटले त्याने चाकाला नवी गती दिली. ओढ जाण्याचा मार्ग पाळण्यात नाही, भुईवर आहे.

रागाचेही असेच असते. बांधावरून दोन भावांत वर्षानुवर्षे वाद होता. गावातल्या शहाण्या माणसांनी समेट केला, दोघे एका पंगतीत जेवले. पुढच्या पेरणीला धाकट्याची बैलजोडी बांधाजवळ वळली आणि थोरल्याच्या अंगात पहिल्यासारखी आग उठली. त्याला वाटले, आपली क्षमा खोटी होती. नाही, क्षमा खरी होती, आग जुनी होती. आता पुढे दोन वाटा आहेत. ती आग उठते आहे एवढे पाहून तो उभा राहिला, तर पुढच्या वर्षी ती थोडी कमी उठेल. घरी येऊन बायकोला, शेजाऱ्याला, पारावर चार जणांना त्याने तीच गोष्ट पुन्हा रंगवून सांगितली, तर प्रत्येक सांगण्यागणिक चाकाला एक दांडा बसला. मग पुढच्या वर्षीची आग जुनी राहत नाही, ती यंदाची होते.

आतापर्यंत आपण तिकीट काढून बसलेल्या पाळण्यांचे बोललो. पण काही पाळण्यांत माणसाला न विचारता बसवले जाते. लातूरकरांना ते सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जन करून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातल्या किल्लारीची आणि आसपासच्या गावांची भुई हलली. दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. हजारो जीव गेले. भूकंप थोड्या क्षणांचा, पण ज्यांनी तो पाहिला त्यांच्या अंगातून तो किती वर्षांनी गेला, कोणी मोजावे? शेजारून जड गाडी गेली तरी दचकून उठणे, छताखाली झोप न लागणे, भांडे वाजले तरी छातीत धडधडणे, हा सगळा त्याच पहाटेचा डोल. जपानमध्ये २०११ च्या मोठ्या भूकंपानंतरही असंख्य लोकांना स्थिर जमिनीवर हलल्यासारखे वाटत असे. तिथे त्या अनुभवाला भूकंपाची भोवळ अशा अर्थाचा शब्दच आहे.

अशा माणसाला "आता कुठे काय हलतंय, उगाच भितोस" असे म्हणणे ही निष्ठुरता आहे. त्याच्या अंगात खरेच हलते आहे. त्याच्या भीतीला खोटे न म्हणता त्याच्या शेजारी बसणे, हा तिथला धर्म. पण तिथेही हात लावू नये हा नियम आहेच. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली, नांदेड, परभणी या भागाला धक्के जाणवले. असे धक्के बसल्यावर आपल्याकडे आधी काय फिरते? "आज रात्री इतक्या वाजता मोठा येणार आहे," असा निरोप. भूकंपाची वेळ आधी सांगण्याची विद्या अजून कोणालाही साधलेली नाही. तरी आपण तो निरोप पुढे पाठवतो. एक बोट दाबण्याइतकेच ते काम असते, पण ज्याच्या अंगात १९९३ अजून हलते आहे त्याच्या चाकाला आपण दांडा मारलेला असतो. दुसऱ्याच्या डोलाला हात लावण्याचे पाप आपल्या हिशेबात कुठे लिहिलेलेच नसते. ते लिहायला हवे.

त्याच किल्लारीच्या डोलातून चांगलेही निघाले, हे विसरू नये. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि घर कसे बांधावे याचा विचार बदलला. भीती उरली होती, तिच्यातून सावधगिरी पेरली गेली. म्हणजे उरलेला वेग नेहमी नुसता ओसरू देण्यासाठीच असतो असे नाही. काही वेळा त्याला कामाला लावता येते. हे आपल्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याइतके कोणाला कळणार?

माउलींच्या दृष्टांतांतली ओल इथे आठवावी. आपली रब्बी कशावर येते? पाऊस सप्टेंबरअखेर निघून जातो. आकाश कोरडे होते. पण काळ्या रानाच्या पोटात ओल राहते, आणि त्या ओलीवर ज्वारी, हरभरा, करडई महिनोन्‌महिने उभी राहते. गेलेल्या पावसावर आलेले पीक आहे ते. मात्र एक अट आहे. वाफसा आला की तिफण रानात गेली पाहिजे. "अजून ओल आहे, पाहू पुढल्या पंधरवड्यात," असे म्हणत राहिले तर रान भेगाळते आणि बी वरच्या वर सुकते.

वारी करून आलेल्याच्या अंगात अशीच ओल असते. पाय रात्रभर चालतात, कानांत मृदंग वाजत राहतो, ताटावर बसले तरी तोंडी नाम येते. औशाच्या नाथ संस्थानाचे चक्रीभजन ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ठाऊक आहे की भजन थांबल्यावरही मंडपातली माणसे काही वेळ बोलत नाहीत. हे सुख मोठे आहे, पण ते डोल आहे, आणि डोलाचा नियम त्यालाही लागू आहे. तेही उतरते असते. पंधरा दिवसांत मृदंग मंदावतो, महिन्यात पाय शांत होतात, आणि मग माणूस म्हणतो, "वारीत होतो तेव्हा कसं होतं, आता काही राहिलं नाही." कोरड्या रानाला बोल लावून काय उपयोग? ओल होती तेव्हा काय पेरले?

म्हणून जुन्याजाणत्या वारकऱ्यांचा रिवाज शहाणपणाचा आहे. वारीहून आल्यावर ओल आहे तोवर एखादा लहानसा नेम धरायचा. रोज हरिपाठ होईल, नाही तर एकादशीला गावातल्या मंदिरात भजन होईल, नाही तर भावाशी सोडलेले बोलणे सुरू होईल. नेम लहान असावा, पण अंगात चालणे शिल्लक असतानाच धरावा. वाईटाच्या डोलाला हात लावायचा नाही आणि चांगल्याच्या डोलाला हात लावल्यावाचून राहायचे नाही. चाक तेच आहे. दांडा कुठे मारायचा आणि कुठे आवरायचा, एवढाच विवेक.

अंग डोलत असताना काय करावे, हेही देहच सांगतो. डोळे मिटून "अजून हलतंय का, अजून हलतंय का" असे तपासत पडले की डोल जास्त जाणवतो. उठावे, सपाट जमिनीवर चालावे आणि न हलणाऱ्या एखाद्या वस्तूवर नजर ठेवावी. मेंदू हळूहळू स्थिर जगाची घडी पुन्हा बसवतो. वारकऱ्याला न हलणारी वस्तू शोधायला लांब जावे लागत नाही. सगळी वारी हलते. दिंड्या हलतात, पताका हलतात, रिंगणात अश्व धावतात, फुगड्या फिरतात. हे सगळे ज्याच्याकडे निघालेले असते तो मात्र कमरेवर हात ठेवून, पाय जुळवून, विटेवर उभा असतो. एवढ्या डोलणाऱ्या गर्दीला डोळे टेकवायला एक स्थिर जागा हवी, ती पुंडलिकाने करून ठेवली आहे. मन गरगरते तेव्हा गरगर मोजत बसू नये, त्या पायांकडे पाहावे.

मुलांनी पाळण्यात बसू नये, असे या लेखाचे सांगणे नाही. लेकरांनी माळेगावला जावे, आकाशपाळण्यात बसावे, आरोळ्या ठोकाव्यात. खेळ निष्पाप आहे आणि त्याचा डोलही निष्पाप आहे. पण मोठ्यांनी त्या डोलावरून एक हिशेब शिकावा. आपण कुठल्याही गोष्टीआधी विचारतो की ही करताना कसे वाटेल. संपल्यावर काय उरेल, हे विचारत नाही. पाळणा दोन मिनिटांचा आणि डोल रात्रभराचा. कठोर शब्द एका श्वासाचा आणि त्याचा डोल ऐकणाऱ्याच्या अंगात दहा वर्षांचा. कीर्तन दोन तासांचे. त्याचा डोल किती काळ राहील ते आपल्या पेरणीवर.

गीतेच्या आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाचा विचार आला आहे. शेवटच्या घटकेला ज्याचे स्मरण होईल तशी गती. हे वाचून पुष्कळांना वाटते, तेवढी एक घटका साधली की झाले. पण त्या घटकेला हातात दांडा धरण्याचे बळ नसते. गाडी माथ्यावरून केव्हाच सुटलेली असते. जन्मभर ज्या बाजूला चाक फिरवले, त्याच बाजूला ते फिरत असते. तेव्हा अंगात विठ्ठलनामाचा डोल असावा असे ज्याला वाटते, त्याने चाकाला हात आज लावावा, हातात बळ आहे तोवर.

राम कृष्ण हरी!